रफार जागेवर आणताना

धुळ्यात देवपूरला आमचं टायपिंग-कंपोजिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, भाडेकरार, पतपेढ्यांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका आणि अधूनमधून साक्री-शिंदखेड्याकडच्या एखाद्या कवीचं पुस्तक, असं काम चालतं. आप्पांनी दुकान टाकलं तेव्हा पेजमेकरचा जमाना होता. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली, पण आमच्यासारख्या दुकानांत ती पुढेही बरीच वर्षं चालली. त्या काळातल्या फाइली अजून आमच्या कपाटात, सीडींवर आणि एका जुन्या हार्डडिस्कवर आहेत. जिल्ह्यातल्या किती संस्थांचा आणि किती लेखकांचा मजकूर त्यांत पडून आहे, याचा त्या संस्थांना आणि लेखकांनाही पत्ता नसेल.

ओपन सोर्सच्या कामात मी शिरले ती या फाइलींमुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण दुकानात येणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींचा प्रश्न ठरलेला असतो: ‘ताई, कोणती लँग्वेज शिकू म्हणजे ओपन सोर्सला काम करता येईल?’ मी उलट विचारते, तू रोज वापरतोस अशा कुठल्या सॉफ्टवेअरमधली कोणती गोष्ट तुला रोज टोचते? मुलं गप्प होतात. त्यांना वाटतं, ताई विषय टाळतेय. पण माझ्या अनुभवात दार तिथूनच उघडलं.

युनिकोड सगळीकडे पोचण्याआधी मराठी फॉन्ट बनवणारे एक युक्ती करत. फॉन्टमध्ये खाने २५६. त्यांतल्या रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे: अर्धा ख, काना, वेलांटी, मात्रा, रफार, प्रत्येकाला आपापला खाना. तो फॉन्ट मशीनवर असला की पडद्यावर सुरेख मराठी दिसे, नसला की नुसता रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. त्यात प्रत्येक कंपनीचे खाने निराळे. शिवाय अक्षरं साठवली जात ती डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने. ‘कि’मधली वेलांटी क-च्या आधी दिसते, म्हणून फाइलीत ती आधी. रफार अक्षर पूर्ण झाल्यावर वर टाकतात, म्हणून तो सगळ्यांत शेवटी. युनिकोडचा क्रम उच्चाराचा. आधी क, मग वेलांटी. आधी रफाराचा र्, मग तो ज्याच्या डोक्यावर बसतो ते अक्षर. जुनी फाइल नव्या क्रमात आणायची म्हणजे प्रत्येक तुकडा ओळखायचा आणि उचलून योग्य जागी ठेवायचा.

एक निवृत्त गुरुजी आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांचा अहिराणी कवितांचा संग्रह आप्पांनीच कंपोज केला होता. नाशिक-पुण्याकडे गेलेली नातवंडं मोबाइलवर कविता मागतात, तर त्या फाइलीचं काही करता येईल का, असं विचारत ते एके दिवशी आले. पुन्हा टाइप करायची आप्पांची तयारी होती. पण मला वाटलं, हे एकट्या गुरुजींचं दुखणं नाही. कपाट भरून फाइली आहेत, एकेक करून कुठवर टाइप करणार?

शोधताना एक कन्व्हर्टर सापडला. फुकट होता, आणि त्याचा सगळा कोड उघडा ठेवलेला होता. गुरुजींची फाइल मी त्यातून काढली, दोन पानं छापली आणि त्यांच्या हातात दिली. चष्मा पुसून त्यांनी वाचलं आणि कागद माझ्यापुढे धरला.

‘हाई काय शे, बेटा?’

प्रस्तावनेत ‘कार्यालय’च्या जागी ‘कायार्लय’ होतं. ‘आर्थिक’चं ‘आथिर्क’ झालं होतं. आणि कवितांमध्ये जिथे जिथे ‘ऱ्हायना’ हवं होतं तिथे ‘र्हायना’. अहिराणीत ‘ऱ्हायना’शिवाय पान हलत नाही. कोणी काही करतोय, जातोय, येतोय, बसलाय, सगळीकडे ते येतं. त्यामुळे गुरुजींच्या प्रत्येक पानावर ते ठिकठिकाणी मोडलेलं दिसत होतं.

‘कायार्लय’ आणि ‘आथिर्क’ हे शब्द इंटरनेटवर जुना मराठी मजकूर वाचणाऱ्या कोणालाही ओळखीचे वाटतील. मीही ते कितीदा पाहिले होते आणि टायपिस्टची चूक म्हणून पुढे गेले होते. आता कारण शोधायला बसले. कोड पायथनमध्ये होता. कॉलेजात शिकलेलं पायथन मला जेमतेम येत होतं, पण वाचण्यापुरतं पुरलं. फाइल उघडली तर मोठा भाग म्हणजे नुसता तक्ता: डावीकडे जुन्या फॉन्टचा खाना, उजवीकडे युनिकोडचं अक्षर. त्याखाली क्रम बदलणाऱ्या मोजक्या ओळी. एवढंच? असं वाटलं खरं. ओपन सोर्स म्हटलं की मनात काहीतरी अगडबंब उभं राहतं. हे तर आमच्या कंपोजिंगच्या चार्टसारखं दिसत होतं, आणि तो चार्ट माझ्या बोटांना पाठ होता.

मग वहीत शब्द लिहायला लागले. ‘धर्म’ बरोबर येतो, ‘धार्मिक’ बिघडतो. ‘वर्ष’ बरोबर, ‘वार्षिक’ चूक. ‘कार्य’ बरोबर, ‘कार्यालय’ चूक. ‘मूर्त’ ठीक, ‘मूर्ती’चं मात्र ‘मूतीर्’. यादी वाढत गेली तसं चित्र स्पष्ट झालं. रफाराच्या अक्षराला काना, मात्रा, वेलांटी नसली की काम बरोबर होतं. काही लागलेलं असलं की चुकतं. कोडमधली ती ओळ पाहिली तर तिथे हेच लिहिलेलं: रफाराच्या लगेच मागे व्यंजन असेल तर रफार त्याच्या मागे ने. ‘कार्यालय’मध्ये रफाराच्या लगेच मागे य नाही, य-चा काना आहे. अट लागू होत नाही, रफार जागचा हलत नाही, आणि पुढच्या ल-च्या डोक्यावर जाऊन बसतो.

हे कळल्यावर मला जो आनंद झाला तसा परीक्षेच्या कुठल्याही निकालाने झाला नव्हता. इतकी वर्षं डोळ्यांसमोर असलेल्या चुकीचं कारण एका ओळीत होतं, आणि ती ओळ मला वाचता येत होती.

तरी मी लगेच कोडला हात लावला नाही. प्रकल्पाच्या पानावर तक्रारी नोंदवायची जागा होती, इश्यू म्हणतात त्याला. आधीच्या नोंदी वाचल्या. बहुतेकांनी ‘मराठीत नीट चालत नाही’ एवढंच लिहिलं होतं. कोणी फॉन्टचं नाव दिलं नव्हतं, कोणी नमुना दिला नव्हता, आणि त्या नोंदींना उत्तरही नव्हतं. मी लिहिताना सगळं घातलं: कोणता फॉन्ट, कन्व्हर्टरची कोणती आवृत्ती, फाइलीत कोणकोणते खाने कोणत्या क्रमाने आहेत, बाहेर काय आलं, काय यायला हवं होतं. बरोबर येणारे आणि चुकणारे शब्द जोडीने मांडले. शेवटी माझा अंदाज: रफाराच्या अटीत मात्रा धरलेल्या नाहीत.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. प्रकल्प सांभाळणारे गृहस्थ बंगळुरूला नोकरी करतात, मातृभाषा मल्याळम. मराठी त्यांना येत नाही. त्यांनी हा कन्व्हर्टर हिंदीच्या एका फॉन्टसाठी सुरू केला होता, आणि मराठी फॉन्टचा तक्ता मध्येच दुसऱ्या कोणीतरी जोडून दिला होता. त्यांनी लिहिलं की मराठी वाचता येत नसूनही या नोंदीमुळे त्यांना चूक जशीच्या तशी दिसली. आणि पुढे: दुरुस्ती तुम्हीच पाठवाल का?

ज्याने हे सगळं लिहिलं त्याला ‘कायार्लय’ दिसत नव्हतं. दिसणं शक्यच नव्हतं. तो कितीही हुशार असला तरी ‘मूतीर्’ वाचून त्याच्या डोळ्यांना काही खटकणार नाही. आम्हाला खटकतं, कारण आम्ही देवपूरच्या एका गाळ्यात बसून दिवसभर मराठी जुळवतो. आपल्या गावात, आपल्या धंद्यात जे दिसतं ते तिकडच्यांना दिसत नाही, आणि हीच आपली पात्रता, हे मला तेव्हा पटलं. आजही मी मुलांना हेच सांगते.

दुरुस्ती पाठवायची म्हणजे गिट शिकणं आलं. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिनक्सच्या कामासाठी ते लिहिलं आणि आता जगभर बहुतेक कोड त्यातच ठेवतात. कॉलेजात आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलची एक कार्यशाळा झाली होती, तेव्हापासून मराठी आवाजातले ते छोटे धडे मला माहीत होते. पडद्यावर एक जण करून दाखवतो, आपण बाजूच्या खिडकीत तसंच करायचं. त्या सवयीचा उपयोग झाला. प्रकल्पाची स्वतःच्या खात्यावर प्रत काढायची, ती आपल्या मशीनवर उतरवायची, वेगळी फांदी करून तिच्यात बदल करायचा, त्या बदलाची नोंद करायची, जिला कमिट म्हणतात, आणि मूळ प्रकल्पाला विनंती पाठवायची की हा बदल घ्या. पुल रिक्वेस्ट म्हणतात ती हीच. नावांनी घाबरायला होतं, पण आमच्या धंद्यात प्रूफ जातं-येतं त्याहून हे फार वेगळं नाही.

दुरुस्ती म्हणून मी लिहिलेली अट बोलीत सांगायची तर अशी: रफाराच्या मागे ओळीने किती मात्रा आहेत ते पाहा, त्यांच्याही मागे जा, व्यंजन आलं की त्याच्या मागे जा, तिथे र् ठेव. मशीनवर चालवून पाहिलं. कार्यालय, आर्थिक, वार्षिक, मूर्ती, सगळे जागेवर. विनंती पाठवली.

उत्तरात त्यांनी आधी आभार मानले आणि मग प्रश्नांची रांग लावली. रफाराचं अक्षर जोडाक्षर असेल तर? ‘ऊर्ध्व’, ‘वर्ज्य’ यांत रफार नेमका कुठे जाईल? रफारावर अनुस्वार असेल तर? मी ‘सर्वांना’ करून पाहिलं आणि तो शब्द फुटला. पेजमेकरची जुनी फाइल उघडून खाने तपासले तर कळलं, रफार आणि अनुस्वार एकत्र असलेला वेगळाच खाना त्या फॉन्टमध्ये होता आणि तक्त्यात तो नव्हताच. दीर्घ वेलांटीवर रफार असलेलाही एक खाना निराळा निघाला. आप्पांना विचारलं, तर त्यांनी मान वर न करता दोन्हींच्या कळा सांगितल्या. इतकी वर्षं बोटांनीच लक्षात ठेवलं होतं.

पुढची सूचना अशी की नुसता बदल नको, टेस्टही हव्यात. म्हणजे एक फाइल अशी, की जिच्यात डावीकडे जुना मजकूर, उजवीकडे अपेक्षित उत्तर. पुढे कोणीही कोडला हात लावला की सगळे शब्द आपोआप तपासले जावेत आणि आज सुधारलेलं उद्या बिघडलं तर लगेच कळावं. माझ्या वहीतली यादी इथे कामी आली. आणखी एक सूचना होती: रफाराची अट आणि तक्त्यातले नवे खाने यांचे कमिट वेगळे करा, आणि प्रत्येकासोबत बदल का केला ते लिहा. ‘दुरुस्ती केली’ एवढं पुरत नाही. काही वर्षांनी कोणी ही ओळ पाहील तेव्हा त्याला विचारायला आपण असूच असं नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं.

या देवाणघेवाणीत दिवस गेले. दुकानाचं काम संपलं की मी बसायची. मे महिना होता. उन्हाळ्यात धुळ्याची दुपार म्हणजे काय ते इथल्यालाच ठाऊक, त्यात दुपारची वीज गेली की मशीन बंद, म्हणून सगळं रात्री. पण ज्या माणसाला मी कधी भेटले नव्हते, तो आपली नोकरी सांभाळून माझ्या एकेका ओळीवर विचार करत होता. माझं काम कोणी इतकं बारकाईने वाचलंय, असं आधी कधी घडलं नव्हतं. कॉलेजात प्रोजेक्टची फाइल वजनावर तपासली जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. इथे एका रफारासाठी चार प्रश्न विचारले गेले, आणि प्रत्येक प्रश्नाने काम आणखी पक्कं झालं.

बदल मर्ज झाला, म्हणजे मूळ कोडमध्ये सामावला गेला. गुरुजींची प्रस्तावना आता स्वच्छ येत होती. कविता अजून अडलेल्या होत्या.

याच काळात माझा मामेभाऊ जळगावजवळ बांभोरीला इंजिनिअरिंग करत होता. मी पारोळा-एरंडोल मार्गे एसटीने जायचे तेव्हा गिरणेच्या पुलाआधी त्याच्या कॉलेजच्या थांब्यावर उतरायचे. त्यानेही ओपन सोर्सचं मनावर घेतलं होतं, पण निवडलं ते लिबरऑफिस. २०१० साली ओपनऑफिसपासून वेगळं होऊन ते उभं राहिलं. त्याचं मूळ जर्मनीतल्या स्टारऑफिसमध्ये असल्याने जुन्या कोडमधल्या टिपा जर्मन भाषेत होत्या, आणि त्या इंग्रजीत आणायचं साधं काम कितीतरी नवख्यांनी वर्षानुवर्षं केलं. असा मोठा प्रकल्पही नवख्यांसाठी सोपी कामं वेगळी काढून ठेवतो. पण तिथे हात घालण्याआधी सगळा कोड आपल्या मशीनवर बांधून घ्यावा लागतो, त्याच्या लॅपटॉपवर ते रात्रभर चालायचं आणि सकाळी कुठेतरी अडकलेलं दिसायचं. त्याच्या हॉस्टेलवर काही मुलं याला कंटाळून दुसऱ्या वाटेला लागली होती. दर ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्ट म्हणून उपक्रम असतो, २०१४ पासूनचा. ठरावीक संख्येने विनंत्या पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. मग कोणाच्याही प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलीत एखादा शब्द बदलायचा आणि विनंती ठोकायची. २०२० साली असल्या निरर्थक विनंत्यांचा जगभर इतका मारा झाला की ऐन महिन्यात नियम बदलून, ज्या प्रकल्पांची संमती आहे त्यांच्याच विनंत्या धरायचं ठरलं.

मला याचा राग येतो, तो लपवत नाही. प्रकल्प सांभाळणारी माणसं बहुधा फावल्या वेळात काम करतात. अशी एकेक पोकळ विनंती वाचून नाकारायला त्यांचा तेवढाच वेळ जातो, आणि तो वेळ ज्याच्या खऱ्या दुरुस्तीला मिळायला हवा होता तो वाट पाहत राहतो. मामेभावाला मी म्हटलं, ‘तुझ्या मशीनला झेपेल असं घे. आणि जे तू वापरतोस ते घे.’ तो कापसाच्या जिनिंगवाल्या घरातला, हिशेबाची कामं लहानपणापासून पाहिलेला. पुढे तो मुंबईत सुरू झालेल्या ईआरपीनेक्स्ट या मुक्त हिशेब-सॉफ्टवेअरकडे वळला आणि तिथे रमला. वजनाच्या पावत्या, हमाली, कट्टी यांचे प्रश्न त्याला कोणी शिकवावे लागले नाहीत.

आता कवितांकडे येते. ‘ऱ्हायना’मधला तो आडवा, पापणीसारखा र मराठीत जागोजागी लागतो: शेतकऱ्याला, दुसऱ्या, वाऱ्यावर, कुऱ्हाड, तऱ्हा. हिंदीत त्याचं काम पडत नाही. कन्व्हर्टर हिंदीसाठी सुरू झाला असल्याने त्याच्या तक्त्यात त्या खान्यापुढे साधा र् लिहून टाकला होता. हे मल्याळी माणसाला पटवायचं कसं? मी त्यांना ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द चित्रासकट पाठवले. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरांमधल्या. कन्व्हर्टरमधून काढले की दोन्ही समुद्रच होतात. लगेच मान्य झालं.

पण मग खरा प्रश्न पुढे आला. हा र युनिकोडमध्ये लिहायच्या दोन रीती आहेत. एक, नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दुसरी जुनी, साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. मग कुठलाही घ्या, काय फरक पडतो? पडतो, कारण शोधताना पडतो. एकाने एका रीतीने लिहिलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने शोधलं तर शब्द समोर असून सापडणार नाही. आम्ही युनिकोडचं देवनागरीवरचं प्रकरण काढून वाचलं. पहिली रीत मुख्य, दुसरी जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेली, असं तिथे स्वच्छ आहे. पहिली घेतली. हे वाचायला मला कष्ट पडले, कारण इंग्रजी आणि तेही नियमांचं इंग्रजी. पण आमच्या भाषेचं अक्षर कसं साठवायचं हे कुठे आणि कोणत्या शब्दांत लिहून ठेवलंय ते मी स्वतः वाचलं, याचं समाधान मोठं होतं.

टेस्टसाठी आता अहिराणी वाक्यं हवी होती. गुरुजींच्या पुस्तकात हव्या तेवढ्या ओळी होत्या, पण प्रकल्पाचा नियम कडक: टेस्टमध्ये येणारा मजकूरही सगळ्यांना मुक्तपणे वापरता आला पाहिजे, आणि पाठवणाऱ्याला तो देण्याचा हक्क असला पाहिजे. प्रत्येक कमिटखाली तसं सांगणारी सहीची ओळ घालायची असते. लिनक्समध्ये २००४ सालापासून ही रीत आहे. मी गुरुजींकडे गेले आणि समजावून सांगितलं. पुस्तकावर त्यांच्याबरोबर प्रकाशकाचाही हक्क, तेव्हा त्यातल्या ओळी नकोत, असं त्यांनीच ठरवलं. ‘थांब, नवीन लिखी देस,’ म्हणाले आणि पाठकोऱ्या कागदावर लिहायला बसले. ‘मी वावरमा जाई ऱ्हायनू.’ ‘माय भाकर करी ऱ्हायनी.’ अशी साधी, रोजच्या बोलण्यातली वाक्यं, कागद भरून. कशासाठी आणि कोणाला जाणार ते त्यांना ठाऊक होतं, तरी मोबदल्याचा विषय त्यांनी काढला नाही. आप्पांनी मात्र काढला. ‘पोरी, या सगळ्याचे पैसे कोण देतं?’ मी बोलायच्या आत गुरुजी म्हणाले, ‘राजवाड्यांना कोणी दिले?’

धुळ्यातल्या माणसापुढे हे नाव काढलं की वाद संपतो. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून दफ्तरं धुंडाळत राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे एकूण २२ खंड झाले. मूळ कागद छापून लोकांपुढे ठेवायचा, म्हणजे ज्याला तपासायचं त्याने तपासावं, ज्याला पुढे न्यायचं त्याने न्यावं. ते गेल्यानंतर १९२७ साली धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं, ते आजही आहे. गुरुजी तिथे जाऊन बसणारे. त्यांना मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय हे माझ्या वर्णनातून कितपत कळलं असेल सांगता येत नाही, पण त्यातली वृत्ती त्यांनी बरोबर ओळखली.

आप्पांच्या प्रश्नाला व्यवहारातलंही उत्तर आहे. सॉफ्टवेअर मुक्त असलं तरी ते चालवून देण्याची मेहनत फुकट करावी असं कुठलाही परवाना सांगत नाही. कन्व्हर्टर नीट झाल्यावर आम्ही जुन्या फाइली युनिकोडमध्ये करून द्यायचं काम घेऊ लागलो. पतपेढ्यांचे अहवाल आले, शाळांच्या स्मरणिका आल्या, एका वकिलांचे जुने मसुदे आले. पानामागे दर आहे. तपासणी आप्पा करतात, कारण कन्व्हर्टर कितीही सुधारला तरी प्रूफ वाचणारा डोळा लागतोच. गुरुजींचा संग्रह मुंबईच्या एक टाइपने मुक्त केलेल्या ‘मुक्ता’ या फॉन्टमध्ये पुन्हा लावला, आणि आता तो फोनवर वाचता येतो, त्यात शब्द शोधता येतो. नातीने फोन करून एक कविता वाचून दाखवली, असं गुरुजी दोन-तीनदा सांगून गेले.

मला आता त्या प्रकल्पात इतरांच्या मराठी दुरुस्त्या तपासायचा अधिकार मिळालाय. सध्या अमळनेरच्या एका विद्यार्थ्याची विनंती माझ्यापुढे आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र देत. आमचा कन्व्हर्टर अजून तसंच दोन तुकड्यांत लिहितो. त्याने एका ओळीत ते बदललंय आणि ‘ॲप’, ‘ॲड्रेस’, ‘ॲडमिशन’ या शब्दांवर चालवून दाखवलंय. बदल बरोबर आहे. पण ‘कॅलेंडर’, ‘बॅट’ यांतला चंद्र व्यंजनावर आहे, तो जागचा हलता कामा नये. त्याची टेस्ट त्याने दिलेली नाही. मी विचारलंय, आणि कमिटखाली बदलाचं कारण लिहायला सांगितलंय. कॉलेजची परीक्षा चालू आहे, झाली की पाठवतो म्हणाला. तोवर विनंती उघडी ठेवली आहे.